बांगड्यांच्या गाडीला चलान

पारनेर,
५ मे २०२५

चि. आलियास अब्दुलमामूचे सलाम आणि आशीर्वाद.

फोन ठेवून मामू पत्र का लिहायला बसला, असं तुला वाटेल. फोनवर तू हसतेस, मग मलाही हसू येतं आणि भांडायचं राहून जातं. शिवाय पोलिसांकडे काही तक्रार असेल तर लेखी द्यावी, असं तूच मागे आमच्या गल्लीतल्या एकाला सुनावलं होतंस. तर लेखी देतो.

माझ्या व्हॅनला वेगमर्यादा ओलांडल्याचं चलान आलं आहे. एक नाही, तीन. पहिली दोन हिवाळ्यात मोबाईलवर आली, ती मी पुसून टाकली. असल्या मेसेजवर बोट ठेवलं की बँकेतलं सगळं जातं, असं तुमचेच लोक भोंगा लावून सांगत फिरत होते. आता तिसऱ्याच्या मागोमाग परिवहन कार्यालयाची नोटीस घरी आली. वारंवार अतिवेगाने वाहन चालवल्याबद्दल तुमचं लायसन तीन महिने निलंबित का करू नये, याचा खुलासा २ जूनला नगरला हजर राहून करावा.

आलिया, मी मणियार आहे. माझ्या गाडीत काच असते. चाळीसच्या पुढे गेलेला काटा मी आजवर पाहिलेला नाही. उसाचे ट्रॅक्टर मला मागे टाकून जातात आणि ट्रॉलीवर बसलेल्या बाया वळून मला सलाम करतात. तुझी मामी शेजारी बसून म्हणते, उतरून चालत गेलो तर लवकर पोचू. आणि नोटिशीत लिहिलंय, सुप्याच्या अलीकडे, २० एप्रिल, वेग ताशी एकशे चार.

त्या दिवशी मी हिवरे बाजारला छगनरावांच्या पुतणीचा चुडा भरत होतो. लग्नघर मणियाराला स्वतःची गाडी पाठवतं, हा आमचा मान आहे, तुला ठाऊक आहे. त्यांची जीप सकाळी मला पेट्यांसकट घेऊन गेली आणि संध्याकाळी सोडून गेली. नवरीचे हात, मग तिच्या आईचे, मावश्यांचे, करवल्यांचे, सगळ्या भावकीचे. व्हॅन दिवसभर आमच्या दारात उभी होती. विचार हवं तर मामीला.

चलानावरचा फोटोही पाहिला. गाडीच्या पुढच्या काचेवर पांढरा उजेड पडलाय, आत कोण बसलंय ते अल्ला जाणे. मामीला दाखवला. तीही म्हणाली, "व्हय, काय दिसत न्हाई, ऊन पडलंय."

लग्नसराई डोक्यावर आहे. खेड्यापाड्यात पेट्या घेऊन जायचं ते या गाडीवर, आणि ती चालवायची ते या लायसनवर. लायसन गेलं तर धंदा बसला. तू त्याच खात्यात आहेस, तेवढं चलान रद्द करून टाक.

तुझा,
अब्दुलमामू


अहिल्यानगर,
१० मे २०२५

ती. मामूंना आलियाचा सलाम.

तुमची लेखी तक्रार मिळाली. पोच म्हणून हे पत्र समजावं.

आधी वाईट बातमी सांगते. २० एप्रिलला सुप्याच्या अलीकडे वेग मोजणाऱ्या गाडीत मीच बसले होते. तो फोटो माझ्याच हातचा आहे. नंबर बघून मी माझ्या जोडीदाराला म्हटलं, अरे ही तर आमच्या मामूंची गाडी, आणि त्यानं विचारलं, सोडायची का? मी म्हटलं, नाही. त्यामुळे आता रद्द करायला कुठल्या तोंडानं सांगू? आणि तसंही एकदा यंत्रात गेलेलं चलान माझ्या हातात राहत नाही.

कायदा सोपा आहे, मामू. पहिल्यांदा वेग ओलांडला तर दंड. पुन्हा ओलांडला तर दंड भरून सुटका नाही, मग लायसनवर येतं. त्याचा निर्णय परिवहनवाले घेतात. चलान गाडीवर फाटतं, म्हणून नोटीस मालकाच्या नावानं येते. पण गाडी दुसरं कुणी चालवत असेल, तर मालकानं हजर राहून त्या माणसाचं नाव सांगायचं. मग शिक्षा त्या माणसाला, मालक मोकळा.

आता नीट ऐका. फोटो स्वच्छ आहे. ऊन माझ्या पाठीमागून होतं, काचेवर काही नव्हतं. चालवणाऱ्याचं तोंड, हात, कपडे, सगळं दिसतंय. पुन्हा एकदा बघा, नाहीतर मोठ्या पडद्यावर बघा. त्याहून जास्त मी लिहिणार नाही, कारण ड्युटीवर पाहिलेलं आहे.

मामीला सलाम. तिला म्हणावं, तिची खूप आठवण येते, हल्ली जास्तच.

तुमची,
आलिया


पारनेर,
१४ मे २०२५

चि. आलियास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं चुलीपाशी बसून वाचून दाखवलं. माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय. पत्र चांगलं आहे, पण आखडतं आहे. कायदा सगळा लिहिलास आणि फोटोबद्दल एक शब्द नाही. बहुतेक तुलाही त्यात काही दिसलं नसणार आणि तू ते खात्याच्या इभ्रतीपायी कबूल करत नाहीस.

तरी मी माझ्या मनानं पूजाच्या सेवा केंद्रात जाऊन मोठ्या पडद्यावर फोटो लावून घेतला. काय सांगू, पांढरा डाग होता तो आता ताटाएवढा झाला. पूजाला विचारलं, "तुला काय दिसतं गं?" तर ती पोरगी एकदम चहा सांगायला उठली. चहाचे पैसेही घेतले नाहीत. माझ्यावर आलेली वेळ बघून तिला वाईट वाटलं असावं.

पण मी आता छडा लावला आहे. मालकानं चालवणाऱ्याचं नाव सांगायचं ना? चालवणारा चोर आहे. कुणीतरी माझा नंबर आपल्या गाडीला लावून फिरतंय. असे प्रकार होतात, तूच सांगितले आहेत. मी पोलीस ठाण्यात रीतसर फिर्याद देणार आहे. मग तुम्ही शोधा त्याला आणि त्याच्या हातात घाला काय घालायच्या त्या बांगड्या.

मामी फिर्यादीच्या विरोधात आहे. म्हणते, "जाऊ द्या, कोन असंल बिचारं, एखाद्याला घाई असती." मी म्हटलं, चोराची एवढी माया कशाला? तर ती धुणं घेऊन नळावर गेली. मन फार मऊ आहे तिचं.

बाकी ठीक. परवा सुप्याला एका नवरीचा चुडा भरला, तर बायका हसायला लागल्या. एका हातात हिरव्या आणि दुसऱ्या हातात अर्ध्या मोरपंखी. नवीन पांढरे दिवे लावतात हल्ली लोक, त्यात रंग धड दिसत नाहीत. चेष्टा झाली, पण पुन्हा भरून दिल्या. माप मात्र एकदाही चुकलं नाही. हात हातात घेतला की माप कळतं.

सोमवारी फिर्याद द्यायला जाणार.

तुझा,
अब्दुलमामू


अहिल्यानगर,
१७ मे २०२५

प्रिय मामी,

हे पत्र तुझ्या नावानं पाठवते आहे आणि तुमच्याकडे येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे देते आहे, म्हणजे रविवारी तुझ्या हातात पडेल. फोन केला असता, पण तुझा फोन वाजला की मामू उचलतात.

मामूंना पत्र तू वाचून दाखवतेस. मग मी लिहिलेलं "फोटो स्वच्छ आहे" हे त्यांच्या कानापर्यंत का पोचलं नाही?

मामी, त्या फोटोत तू आहेस. काळा गॉगल, निळी ओढणी, एक कोपर खिडकीत. पहिल्यांदा मला वाटलं माझंच चुकतंय. मग मी हसले. खरं सांगते, अर्धा मिनिट मला तुझा अभिमान वाटला. आणि मग तो रस्ता आठवला. त्याच पट्ट्यात मी अपघातातली माणसं उचलली आहेत, मामी. एकशे चारच्या वेगात पुढचा ट्रक थांबला तर ब्रेक दाबेपर्यंत सगळं संपतं. त्यांच्यापैकी कुणाला वेगाचं काही कारण नव्हतं, नुसती बरी वाटत होती गाडी.

तू कधी शिकलीस, लायसन आहे का, मला काहीच माहीत नाही. नसेल तर प्रकरण अजून वाईट आहे.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मामू खोटं बोलत नाहीत. त्यांना तो फोटो खरंच दिसत नाही. त्यांच्या पत्रातली अक्षरं बोराएवढी झाली आहेत, ओळी वर चढतात. मला वाटलं, रागानं झालं असेल. मग मोरपंखी बांगड्यांचं वाचलं. मामी, हा माणूस रोज गाडी चालवतो.

ते सोमवारी चोराविरुद्ध फिर्याद देणार आहेत. पोलीस तपासात आधी फोटो उघडतील आणि मग तुझ्या दारात येतील. त्याआधी तू सांग. मी सांगणार नाही. पण मला कुणी अधिकारानं विचारलं, तर खोटंही बोलणार नाही.

तुझी,
आलिया


पारनेर,
२२ मे २०२५

लाडक्या आलियास,

फिर्याद थांबवली. सोमवारी सकाळी मी यांच्या चपला लपवून ठेवल्या. दुपारी सापडल्या, पण तोपर्यंत एक गिऱ्हाईक आलं. सध्या तेवढंच जमलंय.

लायसन आहे, घाबरू नको. दोन वर्षं झाली. सुप्याला माझी बहीण राहते, तिच्याकडे जाते सांगून तिथल्या ड्रायव्हिंग क्लासला गेले. शिकवणारी बाई म्हणाली, तुमचा पाय हलका आहे. तेवढं कौतुक मला लग्नानंतर कुणी केलं नव्हतं.

शिकले का ते सांगते. एकदा यांनी रस्त्यात करकचून ब्रेक मारला आणि दहा मिनिटं हॉर्न वाजवला. समोर काही नव्हतं, झाडाची सावली होती. तेव्हा मी ओळखलं. डॉक्टरकडे चला म्हटलं की माझ्यावर डाफरतात. त्यांना भीती कशाची आहे ते मला ठाऊक आहे. बायका आपला हात त्यांच्या हातात देतात, ते नजरेवर भरवसा ठेवून. मणियाराला दिसत नाही असं एकदा गावात झालं की कोण हात देईल? म्हणून ते चाळीसच्या पुढे जात नाहीत. काचेसाठी नाही, डोळ्यांसाठी. काच हे सांगायला झालं.

मी ठरवलं होतं, एक दिवस चावी माझ्या हातात येईल तेव्हा मला चालवता आलं पाहिजे. म्हणून लग्नघरची गाडी यांना न्यायला आली की मी व्हॅन काढायची आणि सराव करायचा.

पण वेगाचं कारण यांचे डोळे नाहीत. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. ते माझंच आहे. तेहतीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी बसून पारनेर ते नगर एकेक बाभूळ मोजली आहे. रस्ता मोकळा मिळाला आणि माझा पाय खाली गेला. मला आवडलं, आलिया. फार आवडलं. तू माणसं उचलल्याचं वाचलं आणि रात्री जेवण गेलं नाही, पण आवडलं हे खरं.

आता माझं गणित ऐक. मी सांगितलं की फोटोत मी आहे, तर ते म्हणतील, मग मला का दिसली नाहीस? गाडी चालवल्याचं ते दोन दिवसांत विसरतील. पण हे दुसरं त्यांना सोसणार नाही. त्यापेक्षा होऊ दे त्यांचं लायसन तीन महिने बंद. सरकारनं बंद केलं म्हणजे इज्जतही राहील आणि गाडीही हातातून सुटेल. मी हळूच म्हणेन, तोवर मी शिकून घेते. सगळ्यांचंच भलं. तू फक्त गप्प राहा.

तुझी,
मेहताबमामी


अहिल्यानगर,
२६ मे २०२५

प्रिय मामी,

तुझं गणित मी तीनदा वाचलं. हुशार आहे, पण मला मान्य नाही.

त्या माणसानं आयुष्यात एक सिग्नल तोडला नाही. त्याच्या कागदावर तू अतिवेग लिहून घेणार आणि तो बिचारा मरेपर्यंत नंबर चोरणाऱ्याला शिव्या देत बसणार. शिक्षा ज्यानं चूक केली त्याला व्हायला हवी. नाहीतर मी भर उन्हात तो कॅमेरा धरून कशाला बसते?

आणि तीन महिन्यांनी त्यांना लायसन परत मिळेल. डोळे मिळणार नाहीत. तेव्हा काय करशील? पुन्हा एकशे चारनं पळवशील?

त्यांना काय सोसेल आणि काय नाही, हे तू एकटीच ठरवते आहेस. मला राग आलाय तुझा. त्याच्या दुप्पट काळजी वाटते.

२ तारखेला मी नगरातच आहे, पण आत येणार नाही. माझ्या घरचं प्रकरण आहे.

तुझी,
आलिया


पारनेर,
४ जून २०२५

चि. आलियास अब्दुलमामूचे आशीर्वाद.

अक्षर मामीचं आहे, बोलणं माझं आहे. तिनं मधलं काही गाळलं तर मला कळणार नाही, म्हणून सगळं लिहून झालं की पूजाकडून वाचून घेणार आहे. हे वाक्यही मामीलाच लिहायला लावलं आहे.

सोमवारी आम्ही दोघं व्हॅननं नगरला गेलो. गाडी मी चालवली. मामी वाटभर पिशवी घट्ट धरून बसली होती, मला वाटलं गाडी लागली. कार्यालयात आमचा नंबर आला. अधिकारी माणूस बरा होता. त्यानं आपला पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "गाडी चालवताना हे तुम्हीच आहात का?"

मी म्हटलं, "सायब, मला नुसता उजेड दिसतोय. हा कोन चोर हाय ते तुमीच सांगा."

तेवढ्यात मागून आवाज आला, "सायब, ती मी हाय."

मी वळून तिला दटावलं. म्हटलं, "गप बस, माज्यासाटी उगं खोटं बोलू नको." मला खरंच वाटलं की माझं लायसन वाचवायला ही स्वतःवर घेतेय. तिनं पिशवीतून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यानं कार्ड पाहिलं, पडदा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. म्हणाला, "बरोबर आहे. याच बाई आहेत. गॉगल आहे, पण ओळखू येतात."

खोलीत पाच-सहा माणसं होती. सगळी पडद्याकडे बघत होती आणि सगळ्यांना माझी बायको दिसत होती.

मी म्हटलं, "मेहताब, ही तू हायेस?"

ती म्हणाली, "व्हय."

"ऊन पडलंय म्हनालीस."

"तुमी म्हनालात. मी व्हय म्हटलं."

आलिया, मला राग यायला हवा होता. गाडी चोरून नेली, क्लास चोरून केला, दोन वर्षं माझ्या नाकासमोर लायसन पिठाच्या डब्यामागं ठेवलं. पण राग आला नाही. मला भीती वाटली. येताना घाटात मी कुणाकुणाच्या अंगावरून गेलो असतो, तेच डोळ्यांपुढे यायला लागलं.

अधिकाऱ्यानं तिला विचारलं, तिन्ही वेळा तुम्हीच होता का? ती हो म्हणाली. तिचं लायसन तीन महिने निलंबित. पुन्हा असं झालं तर कायमचं जाईल, असं त्यानं बजावलं आणि तिनं शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली. मग तो मला म्हणाला, "बाबा, तुमच्यावर काही नाही. तुम्ही सुटलात."

ज्यासाठी मी महिनाभर तुझ्याशी भांडलो, ते मला मिळालं. मी खिशातून माझं लायसन काढलं आणि तिच्या कार्डाशेजारी ठेवलं.

तो म्हणाला, "तुमचं नको आहे."

मी म्हटलं, "ठिवा, सायब. माजी बायको समोर बसलीय अन् मला दिसली न्हाई. रस्त्यावरनं पळत आलेलं पोर कसं दिसंल?"

असं आपणहून दिलेलं लायसन ठेवून घ्यायचा त्यांच्याकडे काही नियम नव्हता. त्यानं दोन फायली चाळल्या. शेवटी म्हणाला, अर्ज लिहून द्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला आणाल तेव्हा परत न्या. अर्ज मामीनं लिहिला, सही मी केली. सही करताना रडू आलं. ते लिहायला ती तयार नव्हती, पण मी म्हटलं, लिही.

डॉक्टरकडे गुरुवारी जायचं आहे. मोतीबिंदूच असणार म्हणतात, निघतो. गावात सांगून टाकलं आहे. काल शेजारची एक बाई आली, मी म्हटलं, मला रंग दिसत नाहीत बरं का. ती म्हणाली, "रंग मामी सांगंल की, तुमी भरा," आणि हात पुढे केला. मी उगाच एवढी वर्षं घाबरत बसलो.

व्हॅन कार्यालयाच्या आवारात उभी आहे. तू आणून दे. त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणालाच ती चालवायचा हक्क नव्हता, म्हणून एसटीनं आलो. गर्दी होती. कंडक्टरनं मामीला खिडकी दिली, मी शेजारी बसलो.

नगर मागे पडलं. मग मी तिला विचारलं, "एकशे चारला कसं वाटतं गं?"

तिला वाटलं मी टोमणा मारतोय. मी म्हटलं, न्हाई, खरंच इचारतोय. मी कधी गेलोच न्हाई तेवढा.

तिनं आधी ओढणी सारखी केली. मग सांगायला लागली. गियर कसा पडतो, स्टिअरिंग कसं हलकं होतं, वारा कानात शिरला की घरातलं काही आठवत नाही. भीती वाटते का? वाटते, पण ती नंतर, गाडी दारात लावल्यावर. आपला थांबा आला, एसटी थांबली, तरी तिचं संपलं नव्हतं. म्हणून आम्ही पुढच्या थांब्यापर्यंत तसेच बसून राहिलो.

तुझा,
अब्दुलमामू